तो पुरुष कुठे होता?

आजचा शास्त्रभाग : योहान ८:१–११
(वेळ असेल तर योहान ७:४५–५२ आणि ८:५९ हेही वाचा.)



आजचा शास्त्रभाग आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. व्यभिचारात धरलेली स्त्री, हातात दगड घेतलेली माणसं, आणि जमिनीवर बोटाने लिहिणारा प्रभू. मी मात्र बरीच वर्षं या अध्यायावर लिहायचं टाळलं. दैनिक वाचनात तो आला की वाचायचो आणि लगेच पुढच्या पानावर जायचो. का, ते खाली सांगतो. आधी बायबल उघडा आणि पहिली अकरा वचनं सावकाश वाचून या. मी थांबतो.

१. मंदिरातली ती सकाळ

मांडवांचा सण नुकताच संपलाय. यरुशलेमेत अजून गर्दी आहे. प्रभू पहाटेच मंदिरात येऊन शिकवायला बसलाय. एवढ्यात शास्त्री आणि परूशी एका बाईला घेऊन येतात आणि सगळ्यांच्या मधोमध उभी करतात. हिला प्रत्यक्ष कर्म करताना धरलंय, असं ते सांगतात.

इथे जरा थांबा. प्रत्यक्ष धरलं, म्हणजे तिथे दोघं असणार. मग दुसरा कुठे आहे?

मोशेच्या नियमशास्त्रात ही गोष्ट अगदी स्पष्ट आहे. लेवीय २०:१० आणि अनुवाद २२:२२ काढून बघा. दोन्ही ठिकाणी शिक्षा पुरुष आणि स्त्री दोघांनाही आहे. शास्त्र्यांना हे तोंडपाठ होतं. तरी त्यांनी अर्धाच नियम उचलला आणि अर्धा घरी ठेवला. तो पुरुष पळाला, की त्याला पळू दिलं, की तो त्यांच्यापैकीच कुणाचा तरी ओळखीचा होता, हे योहान सांगत नाही. पण तिथे जमलेल्यांपैकी कुणीही त्याच्याबद्दल विचारलं नाही, हे मात्र दिसतं.

सहावं वचन त्यांचा खरा हेतू सांगतं. त्यांना प्रभूला अडकवायचं होतं. ‘मारा’ म्हणाला तर रोमी सरकारकडे तक्रार करता येईल, कारण देहदंडाचा अधिकार रोमने स्वतःकडे ठेवला होता. ‘मारू नका’ म्हणाला तर मोशेच्या विरुद्ध बोलला असं म्हणता येईल. ती बाई म्हणजे गळाला लावलेलं आमिष होती. तिचं नाव काय, वय काय, तिच्यावर काय ओढवलं होतं, यातलं त्यांना काहीच नको होतं.

अन्याय बऱ्याचदा असाच येतो. त्याच्या हातात शास्त्र असतं आणि त्याने सांगितलेलं वचनही खरं असतं. फक्त ते वचन एकालाच लावलेलं असतं.

(अभ्यास करणाऱ्यांसाठी : सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग आढळत नाही, म्हणून काही बायबलांत तो कंसात छापलेला दिसेल. पण मंडळीने शतकानुशतकं तो वाचला आणि जपला, आणि यात दिसणारा प्रभू शुभवर्तमानांतल्या प्रभूहून वेगळा नाही.)

२. बुलढाण्याच्या एका बाईने विचारलेला प्रश्न

मी बुलढाणा जिल्ह्यातला, नोकरीसाठी पुण्यात. काही महिन्यांपूर्वी ऑफिसमध्ये एक सहकारी म्हणाली, “तू बुलढाण्याचा ना? मग ताराबाई शिंदे वाचल्या असशील.” मला नावही माहीत नव्हतं. लोणार सांगता आलं असतं, शेगाव, सिंदखेडराजा सांगता आलं असतं. ताराबाई नाही. लाज वाटली, म्हणून वाचायला घेतलं.

गोष्ट 1881 ची आहे. सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवा असताना तिला दिवस गेले होते, आणि जन्मलेल्या बाळाला तिने मारलं, असा आरोप होता. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी टळली, शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून हल्ली बायका कशा बिघडल्या यावर लिहिणं सुरू झालं, आणि एका बाईच्या नावाने सगळ्याच बायकांवर चिखलफेक झाली.

तो काळ आठवा. विधवेचं लग्न कायद्याने 1856 मध्येच मान्य झालं होतं, पण वरच्या जातींच्या घरांत ते जवळजवळ अशक्यच होतं. पोरसवदा विधवा घरात राबायची, आणि अनेकदा घरातल्याच किंवा जवळच्याच कुणा पुरुषाची शिकार व्हायची. दिवस गेले की बदनामी तिची. बाळ गेलं की खटला तिच्यावर. अशा बायकांना बाळंतपणासाठी सुरक्षित जागा मिळावी म्हणून जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, ते याच कारणाने.

हे सगळं बुलढाण्यात बसून ताराबाई शिंदे वाचत होत्या. मराठा घरातल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे. मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. 1882 मध्ये ताराबाईंचं पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून बाहेर पडलं. नाव, ‘स्त्री-पुरुष तुलना’. बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष त्यांनी घेतला आणि विचारलं, हा पुरुषांत नाही का? पाप दोघांचं असताना फास एकीच्याच गळ्यात का? बायकांना नियम घालून देणाऱ्या धर्मग्रंथांनाही त्यांनी सोडलं नाही, आणि सभेत भाषणं ठोकून घरी जुनंच वागणाऱ्या सुधारकांनाही सोडलं नाही.

त्यांच्यावर टीका झाली. जोतिरावांनी 1885 मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं, ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणलं. जवळजवळ शंभर वर्षं एक बाई प्रश्न विचारून उभी होती आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या, आणि त्यांना ओढूनताणून आपल्या रांगेत बसवायचा माझा विचार नाही. पण रोम २:१४–१५ मध्ये पौल म्हणतो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर देवाने काही लिहून ठेवलंय. योहान ८ मध्ये गर्दीतल्या एकानेही न विचारलेला प्रश्न बुलढाण्याच्या बाईने विचारला. मी मात्र बायबल पाठ असूनही तो विचारला नव्हता.

३. माझा दगड

आता ती टाळलेली गोष्ट सांगतो.

आमच्या तालुक्याच्या गावी मी तरुण संघाचा सेक्रेटरी होतो. बावीस वर्षांचा. आमच्या गायनमंडळात एक मुलगी होती. आवाज असा की ती गायला लागली की मागच्या बाकावरच्या गप्पा बंद व्हायच्या. मंडळीतल्याच एका मुलाबरोबर तिचं जुळलं, आणि पुढे काय झालं ते सगळ्या गावाला कळलं.

रविवारी उपासनेत तिला पुढे उभं केलं गेलं. तिने रडत रडत क्षमा मागितली. गायनमंडळातून तिला काढलं. मुलगा त्या रविवारी आलाच नव्हता. घरच्यांनी त्याला नातेवाइकांकडे पाठवून दिलं होतं, “पोराचं करिअर आहे” म्हणून. आठ-नऊ महिन्यांनी तो परत आला आणि कीबोर्डवर बसला. कुणी काही बोललं नाही.

त्या रविवारी चर्चच्या पायरीवर आमची आजी तेवढी मोठ्याने म्हणाली होती, “अन् तो पोट्टा कुठी हाय?” सगळ्यांनी ऐकलं. मी तिचा हात धरून म्हणालो, “आजी, चल ना, लोक बघतात.”

नाताळच्या कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. त्यात त्या मुलीचं नाव आधीच लिहिलेलं होतं, एकल गीतासाठी. मी त्यावर रेघ मारली आणि यादी नोटीस बोर्डावर लावली. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगायच्या आधीच मारली. शिस्त आहे, मंडळीची साक्ष आहे, असं मनाला समजावलं. खरं कारण एवढंच की तिच्या बाजूला उभा राहिलो तर माझंही नाव तिच्यासोबत घेतलं जाईल, याची भीती वाटली.

मित्रांनो, प्रत्येक दगड काही हाताने फेकला जात नाही. कधी तो पेनाची एक रेघ असतो. कधी ग्रुपवर फॉरवर्ड केलेला स्क्रीनशॉट. कधी “प्रार्थनेत ठेवा हं तिला” असं म्हणून सांगितलेली दुसऱ्याच्या घरातली गोष्ट.

४. नीतिधैर्य एका प्रश्नाएवढंही असतं

धैर्य म्हटलं की आपल्याला स्तेफन आठवतो, सिंहांच्या गुहेतला दानीएल आठवतो. आणि मग वाटतं, हे आपलं काम नाही. म्हणून आज निकदेमाकडे बघू या.

योहानात तो तीनदा भेटतो. तिसऱ्या अध्यायात तो रात्री येतो, कुणाला दिसू नये म्हणून. सातव्या अध्यायात, म्हणजे आजच्या शास्त्रभागाच्या अगदी आधी, धर्मपुढाऱ्यांची बैठक प्रभूला दोषी ठरवून मोकळी होत असते. तेव्हा निकदेम एक प्रश्न विचारतो : माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय, त्याने काय केलं हे समजून घेतल्याशिवाय, आपलं नियमशास्त्र कुणाला दोषी ठरवतं का? (७:५१) एवढंच. भाषण नाही, राजीनामा नाही. त्याला लगेच टोमणा बसतो, तूही गालीलाचाच का म्हणून. तो गप्प होतो. बैठकीत त्याच्या बोलण्याने काही बदललं, असं दिसत नाही.

पण एकोणिसाव्या अध्यायात तो दिवसाढवळ्या येतो. वधस्तंभावर मेलेल्या गुन्हेगाराचं शव घ्यायला, गंधरस आणि अगरू यांचं मोठं ओझं घेऊन. शिष्य पांगलेले असताना हा पुढे येतो.

रात्रीचा माणूस दिवसा कसा आला? मला वाटतं, मधल्या त्या एका प्रश्नामुळे. एकदा तोंड उघडलं, टोमणा खाल्ला, आणि कळलं की टोमण्याने माणूस मरत नाही. तुमच्या ऑफिसमध्ये, कॉलेजात, मंडळीच्या मीटिंगमध्ये तुमच्याकडून देवाला कदाचित एवढंच हवं असेल : “आपण तिचं ऐकलंय का?” किंवा आमच्या आजीचा प्रश्न, “तो कुठे आहे?”

५. ते दगड मग कुठे गेले?

प्रभू वाकतो आणि जमिनीवर लिहितो. काय लिहिलं ते योहान सांगत नाही, म्हणून आपणही अंदाज बांधत बसू नये. पण तो वाकला तेव्हा काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आणा. इतका वेळ सगळ्यांचे डोळे त्या बाईवर होते. आता ते त्याच्याकडे वळले.

मग तो उठून म्हणतो की ज्याच्या पदरी पाप नाही त्याने सुरुवात करावी. अनुवाद १७:७ प्रमाणे पहिला हात साक्षीदारांनी उचलायचा असतो. प्रभू नियम मोडत नाही, तो पुरा लावतो, सगळ्यांना लावतो. वडीलधाऱ्यांपासून एकेक जण निघून जातो. शेवटी ती आणि तो. तिथे एकच जण असा होता ज्याला दगड उचलायचा अधिकार होता, आणि त्याने तो उचलला नाही. तो तिला दंड देत नाही, आणि पाप म्हणजे काहीच नव्हतं असंही म्हणत नाही. नव्याने जगायला सांगून तिला पाठवतो.

आपण बहुतेक इथेच थांबतो. पण अध्याय शेवटपर्यंत वाचा. ५९ व्या वचनात त्याच मंदिरात लोक पुन्हा दगड उचलतात. या वेळी प्रभूला मारायला. तीच माणसं होती असं योहान म्हणत नाही. पण आपल्या हातातल्या बायबलात अध्याय सुरू होतो तेव्हा दगड तिच्यासाठी आहेत, आणि संपतो तेव्हा त्याच्यासाठी. त्या दिवशी तो निघून गेला, कारण त्याची वेळ आली नव्हती. ती आली तेव्हा मात्र तो गेला नाही.

वधस्तंभ समजायला मला या अध्यायाने मदत केली. जगाची रीत अशी की पापाचं ओझं खाली ढकलत न्यायचं. पुरुषाने बाईवर, श्रीमंताने गरिबावर, साहेबाने शिपायावर, गावाने एका घरावर. जो सर्वांत दुबळा, त्याच्या डोक्यावर ते येऊन थांबतं. प्रभू सर्वांत वरचा असून सर्वांत खाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ते इथे ठेवा. यशया ५३ आणि १ पेत्र २:२४ हेच सांगतात. म्हणून त्याचं अर्पण तारण करतं : ते ओझं त्याच्यापाशी थांबलं, त्याने पुढे कुणावर ढकललं नाही.

एक गोष्ट इथे नीट समजून घेऊ या, कारण या शिकवणीचा दुरुपयोग फार झालाय. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला आपल्याकडे सांगतात, “सहन कर, ख्रिस्तानेही सोसलं.” हे ख्रिस्ताचं शिक्षण नाही. योहान १०:१८ मध्ये तो म्हणतो की माझा प्राण माझ्याकडून कुणी काढून घेत नाही, मी स्वतः तो देतो. अर्पण हे देणाऱ्याने आपणहून दिलेलं असतं. दुबळ्याकडून जबरदस्तीने काढून घेतलेलं ते अर्पण नव्हे, ती लूट आहे. अन्याय सोसणारीला “वधस्तंभ वाहा” म्हणणारा त्या क्षणी वधस्तंभाजवळ उभा नसतो, खिळे ठोकणाऱ्यांजवळ उभा असतो. वधस्तंभ उचलायची पाळी तिच्या शेजारच्याची आहे. माझी होती.

पंडिता रमाबाईंना हे फार लवकर दिसलं. 1882 मध्ये, ताराबाईंचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅममध्ये, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांची ख्रिस्ती भगिनी प्रेमाने सेवा करताना त्यांनी पाहिली. असं का करता, हे त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्री आणि येशू यांच्या भेटीची गोष्ट, योहान ४, वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की त्या गोष्टीने त्यांचं मन हललं. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा आणि दुष्काळातल्या मुलींबरोबरच अशा टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपा सदन उभं केलं. ज्या बाईशेजारी उभं राहिलं की आपलंही नाव जातं, तिच्याशेजारी त्या आयुष्यभर उभ्या राहिल्या. इब्री १३:१२–१३ म्हणतं की येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं, तेव्हा आपणही त्याची निंदा सोसत छावणीबाहेर त्याच्याकडे जावं. रमाबाई गेल्या.

६. मग मी काय केलं?

दोन महिन्यांपूर्वी मी त्या मुलीला फोन केला. आता तिचा संसार आहे, दुसऱ्या शहरात असते. मी अडखळत यादीबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला माहीत होतं. अक्षर तुझंच होतं, आणि रेघही त्याच शाईची होती.”

मी माफी मागितली. तिने लगेच “जाऊ दे” म्हटलं नाही, आणि मीही तशी अपेक्षा धरू नये हे मला त्या क्षणी कळलं. माफी मागणं माझं काम आहे, ती केव्हा द्यायची हे तिच्या हातात आहे. फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, “आजी आहेत का अजून?” आजी तीन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली, हे सांगितलं. “त्या दिवशी मी आतून ऐकलं होतं त्यांचं,” ती म्हणाली. इतकी वर्षं तिने आजीचं ते एक वाक्य जपून ठेवलं होतं.

त्यानंतर मी आमच्या मंडळीच्या वडीलजनांना पत्र लिहिलं. तिला पुढे उभं केलं तसंच आपली चूक आपणही उभं राहून मान्य करावी, एवढीच विनंती केली. अजून लेखी उत्तर नाही. एकाने फोनवर म्हटलं, “जुनं कशाला उकरतोस?” मी पुन्हा लिहिणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाईन तेव्हा समोर बसून बोलणार आहे.

तुमच्यासाठी चार साध्या गोष्टी लिहून ठेवतो :

– कुणाबद्दल बोललं जातंय आणि ती व्यक्ती तिथे नाही, असं दिसलं की ७:५१ आठवा. आधी तिचं ऐकून घ्या.
– दोघांची गोष्ट असेल आणि एकाचंच नाव येत असेल, तर दुसऱ्याचं विचारा. मोठ्याने.
– मारहाण, छळ, लहान मुलांवरचे अत्याचार हे ‘मंडळीतलं प्रकरण’ नसतं, तो गुन्हा आहे. झाकू नका. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे हेल्पलाइन नंबर फोनमध्ये ठेवा.
– तुम्ही दगड मारला असेल तर देवाजवळ कबूल करा, आणि ज्याला लागला त्याच्याकडेही जा. फक्त क्षमेची घाई करू नका.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी मधोमध उभी केलेली ती बाई असेल, तर तुझ्यासाठी एवढंच : सगळे निघून गेल्यावरही जो तुझ्याजवळ थांबला, तो प्रभू आहे. जे तुझ्याशी वागले ते त्याच्या नावाने वागले असतील, पण त्याच्यासारखे वागले नाहीत.

आत्मपरीक्षण

माझ्या हातात आज कुणासाठी दगड आहे? कुणाचं नाव मी खोडलं? कुणाच्या शेजारी उभं राहायला मी लाजतो?

प्रार्थना

प्रभू येशू, आमच्या वाट्याचे दगड तू अंगावर घेतलेस. आम्ही मात्र गर्दीत उभे राहिलो, कधी हात उचलून, कधी मान खाली घालून. आम्हाला क्षमा कर. ज्यांना आमच्या गप्प बसण्याने जखम झाली त्यांना तू बरं कर, आणि त्यांच्यापुढे जाण्याचं धैर्य आम्हाला दे. जिथे सगळे गप्प आहेत तिथे तो एक प्रश्न आमच्या तोंडात घाल. वेशीबाहेर, जिथे तू उभा आहेस, तिथे आम्हाला ने. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.